डॉक्टर प्रेटरच्या परवान्याची चौकट

डॉक्टर वेंडेल प्रेटर माझ्याकडे पाठ करून बसतो. गेली अकरा वर्षं मी त्याच्या मानेवरचे केस बघते आहे. पाठ केली म्हणून मी रुसले असं समजू नका, मी एवढी हलकी नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हा माणूस रोग्याच्या डोळ्यांत बघतो, नखं बघतो, बुटांचा चिखल बघून कोण कुठल्या घळीतून आलं तेसुद्धा सांगतो. पण जिथे बघायला कायद्याने सांगितलं आहे, नेमकं तिथेच बघायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, "मी ओळखतो त्यांना."

मित्रांनो, मी एक लाकडी चौकट आहे. वय विचाराल तर साठ. माझ्या पोटात, काचेमागे, राज्याने दिलेला डॉक्टरकीचा परवाना असतो. आमचं गाव सॉरवुड, ॲपलाचिअन डोंगरांतलं, कोळशाच्या खाणींच्या मुलखातलं. इथून पुढचा दवाखाना चाळीस मैलांवर, तोही डोंगर ओलांडून. म्हणजे या खोऱ्यात डॉक्टर एकच, परवाना एकच आणि त्याला धरून ठेवणारी मी एकटी.

मला एस्टिल गिब्सनने घडवलं. तो चर्चची बाकं करायचा आणि शवपेट्या करायचा, आणि दोन्हींना सारखाच रंधा मारायचा. त्याच्या मुलाचा हात लाकूड कापायच्या यंत्रात गेला होता, तो थोरल्या डॉक्टर होमर प्रेटरनी वाचवला. एस्टिल बोलका नव्हता. महिन्याभराने तो मला वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला आणि टेबलावर ठेवून निघून गेला. मी काळ्या अक्रोडाची आहे, आणि चर्चचं व्यासपीठ केलं तेव्हा उरलेल्या फळीतली आहे. पाइनच्या चौकटी बाजारात ढिगाने मिळतात, त्या दोन उन्हाळ्यांत वाकतात. मी अजून काटकोनात आहे.

मला शाळा नाही. वाचता येतं ते काचेमागे लिहिलं आहे तेवढंच: प्रेटर हे नाव, एक लांब आकडा, दोन तारखा आणि राज्याचा गोल शिक्का. तेवढ्या शिदोरीवर मी साठ वर्षं काढली, आणि पुष्कळ शिकलेल्यांपेक्षा मला जास्त कळतं.

परवाना एकदा मिळाला की जन्मभर पुरतो असं तुम्हाला वाटत असेल. तसं नसतं. मुदत संपली की तो नव्याने मागावा लागतो. मधल्या काळात किती तास नवं शिक्षण घेतलं, कुणी तक्रार केली का, पत्ता बदलला का, हात थरथरावेत असा काही आजार जडला आहे का, हे सगळं राजधानीतल्या वैद्यकीय मंडळाला लिहून द्यायचं आणि खाली सही करायची. थोरले डॉक्टर ते काम स्वतः करायचे. नवा कागद आला की माझ्या पाठीवरच्या चार पितळी खिट्ट्या फिरवायचे, जुना काढायचे, नवा बसवायचे आणि काच शर्टाच्या बाहीने पुसायचे. बाही स्वच्छ असायचीच असं नाही, पण पुसायचे.

त्यांनी मला बाहेरच्या खोलीत, बाकासमोर टांगलं होतं. नवा रोगी आला की त्याला माझ्यासमोर उभं करून म्हणायचे, "आधी तारीख वाच. उलटली असेल तर मला हात लावू देऊ नकोस." लोक हसायचे, पण वाचायचे. ज्यांना वाचता येत नसे ते शेजारच्याकडून वाचून घ्यायचे. एकदा राज्याचा तपासनीस न सांगता आला. औषधांच्या कुलूपबंद कपाटातली एक बाटली कमी भरली. डॉक्टरांनी वही उघडून दाखवली: बाटली फुटली त्या दिवसाची तारीख, वेळ, आणि फुटताना बघितलं त्या नर्सची सही. तपासनीस जाताना माझ्यासमोर थांबून म्हणाला, "सगळे दवाखाने असे असते तर माझी नोकरी गेली असती." ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे. माझी स्तुती फार वेळा झालेली नाही, त्यामुळे झाली ती सगळी मला पाठ आहे.

एकोणपन्नास वर्षांनी थोरले डॉक्टर गेले आणि त्यांचा पुतण्या वेंडेल आला. त्याने पहिल्याच आठवड्यात मला खिळ्यावरून उतरवलं आणि माझ्या जागी टीव्ही लावला. मला आतल्या खोलीत, त्याच्या खुर्चीच्या मागे टांगलं. काच कोणी पुसेना. रोगी माझ्याकडे बघत, पण रोग्याचं लक्ष तेव्हा स्वतःच्या दुखण्यात असतं.

तरी खरं ते सांगते, पोरगा हाताचा चांगला. गेल्या पुरात त्याने ट्रॅक्टरवर बसून नदी ओलांडली आणि एका बाईचं बाळंतपण केलं. लहान मुलाला सुई टोचली तर ते मूल रडायच्या आत काम झालेलं असे. गाव त्याच्यावर जीव टाकायचं. त्यालाही ते आवडायचं. तिथेच गोम होती.

आमच्या खोऱ्यात दुखण्याच्या गोळ्यांनी फार माणसं नेली. खाणीत ज्यांची पाठ मोडली त्यांना त्या दिल्या जात. आधी दुखणं जाई, मग झोप जाई, मग माणूस जाई. शेवटी राज्याने नियम केला. तसल्या गोळ्यांची चिठ्ठी लिहिण्याआधी, प्रत्येक वेळी, डॉक्टरने कंप्युटरवर राज्याची नोंद उघडायची आणि या माणसाला आणखी कुणी, कधी, किती गोळ्या दिल्या ते बघायचं. काम दोन मिनिटांचं. मला त्या नोंदीतलं काही वाचता येत नाही, पण माझ्या काचेमागे जो गोल शिक्का आहे तोच त्या पानाच्या कोपऱ्यात असतो. म्हणून वेंडेलच्या खांद्यावरून मला बरोबर कळायचं, पान उघडलं की नाही.

पाइपलाइनच्या कामावरचा कोणी परका आला की शिक्का दिसायचा. गावातला कोणी आला की दिसायचा नाही.

दवाखान्याचं टेबल सांभाळणारी ऑपल ही वेंडेलची मावशी. गाव तिला मिस ऑपल म्हणतं आणि घाबरतं. तिने एकदा दारातूनच विचारलं, "क्लाइडची नोंद बघितलीस का?"

"ऑपलमावशी, क्लाइडकाकांनी मला पोहायला शिकवलं. त्यांची झडती घेऊ?"

"मी झडती म्हटलं नाही. नोंद म्हटलं."

"एकच ते. उद्या तुझीही बघू का?"

"माझी बघून तर दाखव," ऑपल म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आमच्याकडची रीत तशीच आहे. शेजाऱ्याने कुऱ्हाड मागितली तर कशाला हवी असं कोणी विचारत नाही. ओळखीच्या माणसाची चौकशी करायची म्हणजे त्याच्या आईबापांवर संशय घेतल्यासारखं होतं, आणि तो अपमान तीन पिढ्या लक्षात ठेवला जातो. वेंडेल हे जाणून होता. गावाने तोंड फिरवलं तर काय, ही भीती त्याला मंडळापेक्षा मोठी वाटायची. तो तिला भीती म्हणायचा नाही, ओळख म्हणायचा.

क्लाइड स्लोन सत्तरीचा. खाणीत छत कोसळून त्याची पाठ गेली. पुढे बरीच वर्षं त्याने शाळेची बस चालवली, त्यामुळे गावातली अर्धी पोरं त्याच्या ओरडण्यावर वाढलेली. दर महिन्याला तो यायचा, सोबत बायको नॉर्माने दिलेली मक्याची भाकरी, कधी मुरवलेल्या शेंगांची बरणी. दोघं मासे आणि बस यांवर बोलायचे, आणि बोलता बोलता चिठ्ठी लिहिली जायची. माझ्या जागेवरून मला क्लाइडचं तोंड दिसायचं. शेवटच्या वर्षात त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या आणि गप्पांत तो मधेच डुलकी घ्यायचा. वेंडेल म्हणायचा, "काका, म्हातारे झालात."

एका रविवारी चर्चहून आल्यावर क्लाइडने जेवण केलं आणि पडवीतल्या खुर्चीत बसला. नॉर्माला वाटलं झोपला. भांडी घासून ती बाहेर आली तेव्हा त्याचे ओठ निळे होते. अग्निशमन दलाची स्वयंसेवक पोरं आली, त्यांनी त्याच्या नाकात त्या गोळ्यांवरच्या उताऱ्याचं औषध फवारलं. दोनदा फवारावं लागलं. तो जगला. हॉस्पिटलच्या डॉक्टरने राज्याची नोंद उघडली, तर क्लाइडला तीन ठिकाणांहून गोळ्या मिळत होत्या: डोंगरापलीकडचा दवाखाना, हमरस्त्यावरचा एक, आणि आमचा. ही सगळी हकिकत ऑपलने सोमवारी सकाळी माझ्यासमोर वेंडेलला सांगितली. त्याने टोपीसुद्धा काढली नव्हती.

महिन्याभरात तिन्ही डॉक्टरांना मंडळाची नोटीस गेली. आमच्याकडे चौकशीला आली ती मिसेस ओकली नावाची बाई, पायांत रबरी बूट, कारण येताना रस्त्यावर दरड आली होती आणि ती चालत ओलांडून आली. ऑपलने तिला सुनावलं, "कॉफी देते, पण राजधानीवाल्यांसाठी साखर संपली आहे."

"मला बिनसाखरेचीच लागते," ती म्हणाली आणि तसल्या गोळ्या घेणाऱ्या रोग्यांच्या फायली मागितल्या.

तेवीस फायली तिने एकेक करून वाचल्या. मग दोन गठ्ठे केले.

"डॉक्टर, या अकरा फायलींत प्रत्येक चिठ्ठीआधी नोंद बघितलेली आहे. या बारांत एकदाही नाही. कंप्युटर एकच, मग हे असं कसं?"

"ती अकरा माणसं बाहेरची आहेत. त्यांना मी ओळखत नाही."

"आणि ही बारा?"

"शेजारी आहेत. त्यांना ओळखतो."

"क्लाइड स्लोनला ओळखत होतात?"

तिने वेळ विचारावी तशा साध्या आवाजात विचारलं. वेंडेलने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. ती म्हणाली, "मंडळ तुमचा परवाना काढून घेऊ शकतं, हे मी तुम्हाला सांगायला हवं. तारीख कळवतील." जाताना तिने माझ्याकडे बघितलं आणि वहीत माझ्यावरचा लांब आकडा उतरून घेतला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की माझं पोट रिकामं होणार.

गावाला हे कळायला अर्धा दिवसही लागला नाही. डॉर्सी हा आमच्या भागाचा निवडून आलेला माणूस, त्याला न विचारता इथे खड्डाही बुजत नाही. तो एक पत्र घेऊन आला. ते त्याने वाचून दाखवलं: क्लाइड स्लोनने डॉक्टरांना आमच्यासमोर शपथेवर सांगितलं होतं, तो दुसऱ्या कुणाकडून गोळ्या घेत नाही. डॉक्टरांना फसवलं गेलं.

"एकेचाळीस सह्या आहेत, डॉक. पाद्रीबुवांचीसुद्धा."

"पाद्रीबुवांनी वाचलं का काय लिहिलंय?" ऑपलने विचारलं.

"वाचलं नाही, म्हणून तर सही केली."

"असं झालं होतं का खरं?" वेंडेल म्हणाला.

"झालं असतं तर काय बिघडलं असतं? तुझा परवाना गेला तर आम्ही छाती धरून चाळीस मैल जायचं का? क्लाइडची सही तेवढी राहिली आहे. तो तयार आहे. उद्या पाठवतो."

वेंडेल हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मला त्याचा राग आला होता, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. कारण क्षणभर मलाही वाटलं होतं, होऊन जाऊ दे सही. रिकामं कोणाला व्हायचं असतं?

दुसऱ्या दिवशी क्लाइड काठी टेकत आला. खूप वाळला होता. पत्र शर्टाच्या खिशात होतं. तो नेहमीच्या खुर्चीत बसला. या वेळी भाकरी आणली नव्हती.

"सही करायला आलोय," तो म्हणाला. "पण आधी एक विचारतो. तू मला कधी विचारलंस का, की आणखी कुठून गोळ्या घेता?"

"नाही."

"मग मी खोटं तरी कधी बोललो?"

वेंडेलने समोरची फाइल मिटली.

"विचारलं असतंस तर बोललोच असतो," क्लाइड म्हणाला. "तुझ्या डोळ्याला डोळा भिडवून बोललो असतो. पोहायला शिकवलं होतं ते पण मधे काढलं असतं. म्हणून तर त्या मशिनीत बघायचं असतं रे. तिला मी कोण ते माहीत नाही."

"काका, मी बघितलं असतं तर तुम्ही माझ्याशी बोलला असतात का?"

"नाही. वर्षभर तुझ्या दारासमोरून गेलो नसतो. नॉर्माला पण जाऊ दिलं नसतं." तो काठीच्या मुठीवर हात ठेवून बसला. "दर महिन्याला इथे बसून वाटायचं, आज हा बघणार. आज पकडणार. आणि तू माशांचं काढायचास."

मग त्याने खिशातून पत्र काढलं आणि पेन मागितलं. वेंडेलने पेन दिलं नाही. त्याने पत्राची घडी केली आणि परत क्लाइडच्या खिशात घातली. म्हणाला, "हे डॉर्सीला देऊन टाका. सांगा, डॉक्टरने बघितलं नाही, कारण त्याला बघायचं नव्हतं. मंडळापुढे मी हेच सांगणार आहे."

"परवाना जाईल."

"जाईल."

क्लाइड उठला. दारात वळून म्हणाला, "तुझा थोरला काका माझ्या बसमध्ये चढायच्या आधी टायरसुद्धा मोजायचा." आणि गेला.

राजधानीतल्या सुनावणीला मी नव्हते. आल्यावर त्याने ऑपलला सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. त्याने बाराही फायलींबद्दल खरं ते सांगितलं, वकिलाने कोपर मारलं तरी सांगितलं. मंडळाने परवाना नव्वद दिवसांसाठी निलंबित केला. त्या मुदतीत गोळ्यांविषयीचं शिक्षण घ्यायचं, पुढे वर्षभर तसल्या प्रत्येक चिठ्ठीची प्रत मंडळाला पाठवायची, आणि ही शिक्षा कुणालाही वाचता येईल अशी कायमची नोंदवली जाणार. डोंगरापलीकडच्या दवाखान्यातल्या त्या एका डॉक्टरचा परवाना कायमचा गेला. तो म्हणे शेवटपर्यंत रोग्याला दोष देत होता.

वेंडेलने मला खिळ्यावरून उतरवलं. अकरा वर्षं कागद बदलायचं काम ऑपलच करायची, आज पहिल्यांदा त्याने स्वतः माझ्या खिट्ट्यांना हात लावला. त्या काळ्या पडून घट्ट बसल्या होत्या, एक तर त्याला चाकूने फिरवावी लागली. त्याने कागद काढून पाकिटात घातला आणि मला रिकामीच परत टांगलं. मित्रांनो, रिकाम्या चौकटीला काही दुखत नाही. फक्त समोरची माणसं तिच्याकडे बघताना डोळे खाली करतात, आणि ते साठ वर्षांच्या बाईला बरं वाटत नाही.

ऑपलने दारावर पाटी लावली: डॉक्टर सुट्टीवर. वेंडेलने ती काढून दुसरी लावली: डॉक्टरांचा परवाना निलंबित. अमुक तारखेपर्यंत रोगी तपासता येणार नाहीत. ऑपल म्हणाली, "एवढं उघडं लिहायची काय गरज?" तो म्हणाला, "मंडळाच्या यादीत आहेच, मावशी. दारावर नसलं तर मी लपवतोय असं दिसेल."

ते नव्वद दिवस गावाला जड गेले. एका मुलाचा हात मोडला, त्याला चाळीस मैल नेलं. दोन म्हाताऱ्या रक्तदाब मोजायला कुठेच गेल्या नाहीत. वेंडेल रोज दवाखान्यात येऊन अभ्यासाला बसायचा, आणि खिडकीतून ओळखीचा कोणी खोकत जाताना दिसला की पेन खाली ठेवायचा. पण बोलावलं एकालाही नाही. हे मी बघितलं आहे.

मुदत संपली, कागद परत आला. काच पुसून त्याने तो बसवला. पहिल्या दिवशी निम्मं गाव आलं, निम्मं अजून घुश्श्यात होतं. शेवटचा रोगी गेल्यावर ऑपल आत आली आणि क्लाइडच्या खुर्चीत बसली. तिचा गुडघा सुजला होता. तीन रात्री झोप नव्हती.

"साध्या गोळीने काही होत नाही," ती म्हणाली. "जरा जोराचं काही दे, दोन दिवसांपुरतं."

वेंडेलने गुडघा नीट तपासला. मग खुर्ची वळवली आणि कंप्युटर उघडला. त्याच्या खांद्यावरून मला पानाच्या कोपऱ्यातला गोल शिक्का दिसला.

"काय करतोयस?" ऑपलने विचारलं.

"नोंद बघतोय."

"कोणाची?"

"तुझी, मावशी."

ऑपलचं तोंड बिटासारखं लाल झालं. "तुझे डायपर बदलले आहेत मी."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. नोंदीत काहीच नाही असं त्याने सांगितलं. त्याने दोन दिवसांची चिठ्ठी लिहिली, प्रत काढली, आणि तिच्यापुढे धरली. तिने ती हिसकावली, काठी घेतली आणि गेली. आज तिसरा दिवस आहे, ती त्याच्याशी बोललेली नाही. फायली टेबलावर आपटते, त्यावरून काय ते समजायचं.

मित्रांनो, तुम्ही डॉक्टरकडे गेलात आणि त्याने तुमची नोंद उघडली, तर तोंड वाकडं करू नका. तो तुमच्या घराण्यावर संशय घेत नसतो. आणि मोठे झाल्यावर तुमच्यातलं कोणी डॉक्टर झालं, तर आपल्या माणसाच्या वेळी ते पान आधी उघडा, परक्याच्या नंतर.

वेंडेल मात्र काल संध्याकाळी एकटाच डोकं धरून बसला होता. म्हणाला, "मावशी पण गेली." तेव्हा मला राहवलं नाही. लाकडाला आवाज नसतो असं म्हणणाऱ्यांनी थंडीत शेगडी पेटल्यावर जुनं अक्रोड कसं कडाडतं ते ऐकलेलं नाही. मी चांगली मोठ्याने बोलले. त्याने दचकून मागे वळून बघितलं, आणि मी त्याच्या तोंडावर सांगितलं:

"वेंडेल प्रेटर, अकरा वर्षं तू लाडका होतास, डॉक्टर तू परवापासून झालास. ऑपल रागावली आहे ना? रागावू दे. चिठ्ठी घेऊन ती स्वतःच्या पायाने घरी गेली, आणि सकाळी स्वतःच्या पायाने तुझ्यावर फायली आपटायला आली. तिच्याकडून तुला एवढंच हवं होतं. आता सरळ बस आणि उद्याच्या पहिल्या रोग्याची फाइल काढ."